उजव्या खांद्यावरचं जानवं

मिठाईचा खोका हातात घेतला आणि माझं डोकंच सणकलं.

झाकणावर राव मामा होते. मीच काढलेले. तेच मिस्कील डोळे, तशीच कानामागची पांढरी बट, तसाच पुढे केलेला लाडू. फक्त लाडू डाव्या हातात होता आणि जानवं उजव्या खांद्यावर. कंपनीने चित्र फ्लिप केलं होतं. फ्लिप म्हणजे कॉम्प्युटरवर एक बटण दाबून चित्र आरशात दिसतं तसं उलटवणं. फुलाचं चित्र उलटवलं तर कुणाला कळतही नाही. पण जानव्याला बाजू असते. रोजचं, देवाधर्माचं जानवं डाव्या खांद्यावर. पितरांचं काही करायचं असेल तेव्हाच ते उजव्या खांद्यावर घेतात. म्हणजे कंपनीने माझ्या राव मामांना श्राद्धाला बसवलं होतं, आणि वर डाव्या हाताने लोकांना लाडू द्यायला लावला होता.

हाच खोका मामांच्या शताभिषेकाला पाहुण्यांच्या हातात पडणार होता. शताभिषेक म्हणजे आपल्याकडचं सहस्रचंद्रदर्शन. ऐंशीव्या वर्षी नवरा-बायकोचं पुन्हा लग्न लावतात, हार घालतात, मंगळसूत्र बांधतात. आणि अशा शुभकार्यात हे!

आता थोडं मागचं सांगते, नाहीतर माझा राग तुम्हाला कळायचा नाही.

मी मूळची सोलापूरची. बीकॉम झालेली. चित्रकला कुठे शिकले नाही. नवऱ्याची नोकरी ओरगडमच्या गाडीच्या कारखान्यात लागली म्हणून चेन्नईला आले. तो सकाळी कंपनीच्या बसने जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. मला तमिळ येत नव्हतं. बोलायला कुणी नाही, मग डायनिंग टेबलावर बसून चित्रं काढायला लागले. आधी ग्रीटिंग कार्डं, मग कॅलेंडरं, मग पापडाची आणि मसाल्याची पाकिटं. हळूहळू लोक मला आर्टिस्ट म्हणायला लागले. आर्टिस्ट म्हणजे काय, तर खोक्यावरची बाई.

शिकवायला कुणी नव्हतं आणि मॉडेल म्हणून बसायलाही कुणी नव्हतं. मग मी कपाटाच्या आरशासमोर उभी राहायची, हातात लाटणं नाहीतर तांब्या धरायची आणि स्वतःलाच बघून काढायची. याचा व्हायचा तो परिणाम झाला. माझ्या चित्रातल्या सगळ्या बायका डावखुऱ्या! एका लोणच्याच्या कंपनीने चित्र परत पाठवलं, कारण त्यातली आई बाळाला डाव्या हाताने भात भरवत होती. तेव्हापासून मी शहाणी झाले. काढलेलं प्रत्येक चित्र परत आरशात धरून बघायचं, ही माझी सवय. हात चुकला, नाक वाकडं गेलं, तर आरशात लगेच कळतं.

राव मामा आमचे घरमालक. मैलापूरच्या एका गल्लीत त्यांचं जुनं घर आहे. खाली मामा-मामी, वर आम्ही. ते तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज कधीकाळी इकडे आले ते इथलेच झाले. त्यांची मराठी ऐकून मला आधी हसू यायचं. जुनी, गोड, मध्येच तमिळ हेल. 'विचारणं' नाही म्हणायचे, 'पुसणं' म्हणायचे. आणि काहीही पटलं की 'सेरी', म्हणजे 'बरं'. परक्या गावात दारातच आपली भाषा भेटली, मला आणखी काय हवं होतं?

मामा आयुष्यभर एका कंपनीच्या स्टोअरमध्ये होते. तळघरात, नट-बोल्टांच्या मांडण्यांमध्ये. स्वभाव मात्र उलटा. माणसांत रमणारा. गाण्याच्या सभेच्या कॅन्टीनमध्ये, देवळाच्या तळ्यावर, रिक्षास्टँडवर, सगळीकडे ओळखी. मामी म्हणायच्या, "यांना तळघरात ठेवलं नसतं तर हे नाटकात गेले असते."

तर या मिठाईच्या कंपनीला पारंपरिक आजोबा हवे होते. प्रेमाने लाडू देणारे. मी मामांना म्हटलं, बसाल का? ते लगेच अंगरखा काढून, पंचा नेसून तयार. मी तेव्हाही गडबड केलीच. सवयीने जानवं उलट्या खांद्यावर रेखाटलं. मामांनी कागद बघितला आणि खोखो हसले.

"शैला, माझा बाप जाऊन किती वर्षं झाली. आज त्याचं श्राद्ध कशाला घालतेस?"

मग त्यांनी मला सव्य-अपसव्य नीट समजावून सांगितलं. आमच्या माहेरी यंत्रमाग, जानव्याचा संबंध नाही. मला हे नवीनच होतं. मी ते दुरुस्त केलं, आरशात धरून पुन्हा पुन्हा बघितलं. खरं सांगते, इतकं मन लावून मी दुसरं चित्र काढलेलं नाही.

आमच्या धंद्यात चित्र विकत नाहीत, भाड्याने देतात. त्याला लायसन्सिंग म्हणतात. घर भाड्याने द्यावं तसंच. चित्र माझं, पण अमुक वर्षं, अमुक वस्तूंवर ते तुम्ही छापा. त्या काळात तशाच वस्तूंवर दुसऱ्या कुणाला ते छापता येत नाही, मलासुद्धा नाही. आणि छपाईआधी कंपनी एक नमुना पाठवते, सॅम्पल. आर्टिस्टने ते बघून हो म्हणायचं.

मामांचं चित्र मंजूर झालं आणि मामा गल्लीभर सांगत सुटले. फुलवालीला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं. शताभिषेक जवळ आला होता. पाहुण्यांना जाताना तांबूल आणि मिठाई द्यायची पद्धत. मामांनी जाहीर केलं, मिठाई त्याच कंपनीची, त्याच खोक्यात. "लग्नात माझ्याकडे कुणी बघितलं नाही, सगळे हिच्याकडे बघत होते. या लग्नात मी प्रत्येकाच्या घरी जाणार, खोक्यावर बसून!" मामी पदराआड हसत होत्या. या माणसाला ऐंशीव्या वर्षी एवढीच हौस होती.

आणि आता हे सॅम्पल. कुरियर नेहमीप्रमाणे मामांनीच घेतलं होतं आणि वर आणून दिलं होतं. वरच्या कागदाची टेप अर्धी निघालेली होती. कुरियरवाले काय, कसंही टाकतात, असं म्हणून मी सोडून दिलं.

मी मेल केला. उत्तर नाही. फोन केला. "मॅम, मीटिंगमध्ये." मग मी खोका पिशवीत घातला आणि तडक गिंडीच्या ऑफिसात गेले. जाताना जिन्याखाली मामा पेपर वाचत बसले होते.

"कुठे निघालीस एवढी तरातरा?"

"काही नाही मामा, तुमचंच काम आहे. येऊन सांगते."

त्यांनी तोंड उघडलं होतं, काहीतरी म्हणणार होते. मी थांबले नाही. रिक्षा समोरच उभी होती.

ऑफिसात प्रिया भेटली. ती ब्रँड मॅनेजर, म्हणजे तो खोका कसा दिसावा हे ठरवणारी. तरुण, हुशार पोरगी. मी खोका तिच्यापुढे ठेवला.

"हे चित्र फ्लिप केलंय."

"हो मॅम. झाकणाला पारदर्शक खिडकी टाकली ना, आतली मिठाई दिसायला. ती डावीकडे आली. मग आजोबा उजवीकडे गेले. त्यांचं तोंड खिडकीकडे हवं, बाहेर नको. म्हणून उलटवले."

"त्यांचं जानवं बघ."

"धागा? मॅम, धागा कोण बघतं?"

"मैलापुरात सगळे बघतात. बरं, धागा सोड. लाडू कुठल्या हातात आहे?"

तिने बघितलं. तिने स्वतःचा उजवा हात पुढे केला, मग डावा. "अय्यो!" म्हणाली.

तो 'अय्यो' ऐकून मला काय बरं वाटलं! जिंकले, असंच वाटलं. प्रियाने लगेच तिच्या बॉसला बोलावलं. मार्केटिंग हेड आला. मी मोठ्या तोऱ्यात त्याला सगळं समजावलं. जानवं कुठल्या खांद्यावर, का, श्राद्धात काय करतात, डाव्या हाताने दिलेलं इथे कुणी घेत नाही. मामांकडून ऐकलेलं सगळं ज्ञान त्याच्यासमोर ओतलं. तो शांतपणे ऐकत होता.

"म्हणजे हे असंच गेलं तर लोक चिडतील," तो म्हणाला. "कुणीतरी फोटो काढून टाकेल. धर्माची चेष्टा केली म्हणतील."

"नक्कीच म्हणतील," मी म्हटलं. आगीत तेल ओतायला मीच!

"थँक यू मॅम. बरं झालं वेळेवर सांगितलंत."

"मग आता चित्र सरळ करा."

"ते जमणार नाही. खिडकीची डाय बनून आलीय."

डाय म्हणजे पुठ्ठा कापायचा साचा. शंकरपाळ्याचा असतो तसा, पण पोलादी. एकदा बनला की खिडकी तिथेच पडणार. चित्र सरळ केलं असतं तर खिडकी नेमकी मामांच्या तोंडावर आली असती.

"मग मी नवं काढून देते," मी म्हटलं. "मामा दुसऱ्या बाजूला बघतायत असं. आज बसते."

"प्रिंटरची तारीख ठरलीय मॅम. तुम्ही काढणार, आम्ही बघणार, स्कॅन, करेक्शन... सणाचा सीझन हातातून जाईल."

त्याने प्रियाकडे बघितलं. प्रियाने लॅपटॉप ओढला आणि चित्र बनवणाऱ्या एआयमध्ये काहीतरी टाइप करायला लागली. मी समोरच बसले होते, मला दिसत होतं. ती माझीच वाक्यं टाइप करत होती. दक्षिण भारतीय आजोबा, जानवं डाव्या खांद्यावर, लाडू उजव्या हातात, तोंड डावीकडे. बटण दाबलं आणि चहा प्यायच्या आत स्क्रीनवर आजोबा हजर! गुबगुबीत, गोरेपान, दात एकसारखे. कुणाचेच आजोबा नव्हते ते. पण जानवं अगदी जिथल्या तिथे.

"बघा मॅम," प्रिया आनंदाने म्हणाली, "तुमचे सगळे पॉइंट कव्हर झाले."

करायला गेले गणपती नि झाला मारुती. आणि त्या मारुतीला शेंदूर मीच फासला होता.

तरी मी भांडले. म्हटलं, हा माणूस खरा आहे, त्याच्या घरी कार्य आहे, त्याने तुमच्याकडेच ऑर्डर दिलीय. हेड म्हणाला, "मॅम, खरा माणूस म्हणजे जास्तच रिस्क." प्रियाला वाईट वाटलं असावं. ती मला लिफ्टपर्यंत सोडायला आली. मी तिला विचारलं, निदान मामांच्या ऑर्डरपुरते माझ्या चित्राचे स्टिकर छापून खोक्यांवर लावू का? खाद्यपदार्थांसाठी चित्र त्यांच्याकडे बांधलेलं होतं, त्यांची परवानगी लागणार होती. "लीगलला विचारते," ती म्हणाली. विचारलं असेलही. कार्य होऊन गेलं तरी उत्तर आलं नाही.

परत आले तर मामा तिथेच बसलेले. पेपर घडी करून मांडीवर.

"काय झालं?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. मध्ये त्यांनी एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "म्हणजे खोक्यावर मी नाही?"

"नाही मामा."

"दुसरा कुणी आहे."

"हो."

"त्याचं जानवं बरोबर आहे?"

"हो."

"सेरी," म्हणाले. "मग बरं झालं." आणि चष्मा शोधायला आत गेले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

सॅम्पलचा तो खोका मी रागारागाने तिथेच पायरीवर टाकला आणि वर गेले.

कार्य छान झालं. मामींनी नऊवारीसारखी नेसतात ती मडिसार नेसली होती, मामा नव्या नवऱ्यासारखे लाजत होते. जाताना प्रत्येकाला पिशवी. पिशवीत नारळ, पान-सुपारी आणि तो खोका. मी वाटायला उभी होते. मामांनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं, त्यामुळे जो तो खोका काढून बघायचा, मग मामांकडे बघायचा. रिक्षास्टँडवरचा सेल्वम मामांना तात्ता, म्हणजे आजोबा, म्हणतो. तो तर उघडच म्हणाला, "तात्ता, यात तुम्ही कुठे?"

"अरे, तो माझा धाकटा भाऊ," मामा म्हणाले. "शूटिंगच्या दिवशी मला ताप होता."

सगळे हसले. मामाही हसले. दर खेपेला तोच विनोद, तेच हसू. मला मात्र प्रत्येक पिशवी देताना लाज वाटत होती. तोंड लपवायला जागा असती तर मी तिथून पळाले असते.

भरपाई म्हणून मी मूळ चित्र चांगली फ्रेम करून त्यांना नेऊन दिलं. सरळ, बिनचूक, माझ्या हाताचं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि आतल्या खोलीत देवांच्या फोटोंशेजारी टांगलं. मला वाटलं, चला, फिटलं.

नंतर एकदा मामींनी जेवायला बोलावलं. जेवण झालं, मी हात धुवायला उठले. त्यांच्याकडे बेसिन जेवणघरातच आहे, वर एक जुना आरसा. हात धुता धुता सहज वर बघितलं आणि थबकले. आरशात राव मामा. मिठाईच्या खोक्यावरचे. लाडू उजव्या हातात, जानवं डाव्या खांद्यावर.

क्षणभर मला वाटलं, कंपनीने शेवटी सरळ करून छापलं की काय! वळून बघितलं. समोरच्या भिंतीवर, फ्रिजच्या वर, सॅम्पलचं ते झाकण खिळ्याने ठोकलेलं होतं. तेच, उलटं. बेसिनच्या आरशाच्या अगदी समोर.

मामा पानाला चुना लावत बसले होते.

"येणारा प्रत्येक जण हात धुतो," ते म्हणाले. "हात धुताना वर बघतो. सगळं बरोबर दिसतं. तुझीच युक्ती. तूच आरसा धरतेस ना?"

हातातून पाणी ठिबकत होतं.

"मामा, पण हे चुकीचं होतं हो. तुमच्या कार्यात श्राद्धाचं..."

"कुरियर मी घेतलं होतं, शैला. तुला द्यायच्या आधी मी उघडून पाहिलं. सकाळभर पाहत बसलो होतो. जानवं मला दिसलं नाही वाटतं? जन्मभर घालतो मी ते." पानाची घडी करून त्यांनी ते मामींना दिलं, दुसरं घेतलं. "दिसलं. म्हटलं, असू दे. पाहुण्यांना सांगितलं असतं, हा आरशातला राव आहे. लोक हसले असते. मीच असतो ना पण तो."

"तुम्ही मला बोललात का नाही?"

"बोलणार होतो. तू रिक्षात बसलीस." पानाचं देठ खुडून म्हणाले, "एकदा मला पुसायचं होतंस, बाळ."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. त्यांनी मलाही पान लावून दिलं आणि विषय बदलला. मामींनी ताक आणलं.

मी त्यांना म्हटलं, तुमचं आणखी एक चित्र काढते, दुसरी कंपनी बघते. ते म्हणाले, "आता नको गं. एवढा वेळ ताठ बसवत नाही." आणि खरंच, आता त्यांना बसवत नाही. दुपारी खुर्चीतच डोळा लागतो. वर-खाली करताना मला दिसतात.

त्या कंपनीचे खोके अजून दुकानात असतात. तो गुबगुबीत म्हातारा बिनचूक उजव्या हाताने लाडू देतो. त्याच्या जानव्याबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही, असं प्रियाने मला मुद्दाम कळवलं.

माझ्या करारात आता एक ओळ वाढली आहे: चित्र फ्लिप करायचं नाही. नवीन मुली सल्ला विचारायला येतात, त्यांना मी ती ओळ टाकायला सांगते. आणि हेही सांगते की चित्र आपलं असतं, ते कसं छापावं यावर भांडायचा हक्कही आपला असतो, पण भांडायला निघण्याआधी चित्रातल्या माणसाला विचारून घ्यावं. पोरी मान डोलावतात, पहिली गोष्ट लिहून घेतात, दुसरी सोडून देतात. मीही सोडली असती.

जेवायला खाली गेले की हात मी अजून त्याच बेसिनवर धुते. वर बघायचं नाही असं ठरवते, आणि बघतेच.